उसनं मनगट

"अजून जवळ आणा नाक. मी चावत नाही."

एका परक्या माणसाच्या मनगटावर वाकलेली असताना हे कानावर पडलं आणि धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. पण मी तिथवर पोचले कशी, ते आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्ही भलतंच समजाल.

मला एक कोलोन हवं होतं. पुरुषांचं. खिशाला जड नको, पण 'स्वस्तात उरकलं' असंही कुणाला वाटायला नको. ज्यांच्यासाठी हवं होतं त्यांना आम्ही बहिणी आपसांत 'टापटीप' म्हणायचो. ताईच्या ऑफिसातले. इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीतही बेतानेच बसायचे, पण माणूस सोन्यासारखा. त्यांची दुसऱ्या शहरात बदली झाली होती आणि मागच्या रविवारी त्यांनी मला सरळ विचारलं होतं, "लग्न करून माझ्याबरोबर येशील? घाई नाही, पुढच्या रविवारी सांग." मधल्या बुधवारी त्यांचा वाढदिवस.

"काहीतरी चांगलं दे," ताई म्हणाली. "हो म्हणणारच आहेस ना?"

मी मान हलवली. ती उभी हलली की आडवी, ते माझं मलाच कळलं नाही.

म्हणून मंगळवारी दवाखाना सुटल्यावर मी सेंटवाल्या काकूंच्या दुकानात गेले. मी दातांच्या डॉक्टरांकडे काम करते. दिवसभर औषधांच्या वासात उभं राहून माझ्या नाकावर माझाच भरवसा उरलेला नाही. काकूंनी चार कागदी पट्ट्या एकेका बाटलीतून भिजवून माझ्यापुढे धरल्या. तिसरी मला बरी वाटली.

"हेच द्या."

काकूंनी बाटली उचलून चक्क मागे ठेवली. "कागदावर सगळेच सज्जन असतात, बाई. अंगाला लागलं की खरं कळतं. ज्यांना द्यायचंय त्यांना घेऊन या."

"अहो, पण त्यांना आधी कळू द्यायचं नाहीये..."

"मग उसना हात मागवू," म्हणत काकूंनी शेजारच्या भिंतीवर तीन थापा मारल्या.

शेजारी फोटोंना चौकटी करून देणाऱ्याचं दुकान होतं. तो लगबगीने आला, बाही वर सारत. "आज कुणाचा नवरा व्हायचंय, काकू?" मग मी दिसले, आणि तो दारातच थबकला.

ही त्या दोघांची जुनी पद्धत निघाली. बायका नवऱ्यासाठी, भावासाठी सेंट घ्यायला यायच्या आणि तपासणी व्हायची या फ्रेमवाल्याच्या मनगटावर. "सकाळी एका बाईंचा भाऊ होतो," तो मला म्हणाला. "एकदा जावईसुद्धा झालोय. तुमचा कोण व्हायचं?"

"ते... अजून ठरायचंय," मी म्हटलं.

तो हसला. पुढचा एक दात किंचित तिरका. आमच्या दवाखान्यात असता तर डॉक्टरांनी लगेच तार लावली असती. मला मात्र वाटलं, नको, असाच राहू दे. आणि असं वाटल्याचं माझं मलाच नवल वाटलं.

काकूंनी फवारा मारला. "आता अर्धा तास थांबायचं. आधी बाटली बोलते, मग माणूस."

तो अर्धा तास मी त्याच्या दुकानात काढला. भिंतभर रिकाम्या चौकटी. तो पॉलिश पेपरने लाकडाची पट्टी घासत बसला आणि एक हात मात्र बाजूला, पाहुण्यासारखा, टेबलावर ठेवलेला.

"हे... ठरायचंय ते कधी ठरणार?" त्याने विचारलं.

"रविवारी."

"आणि कोलोन चांगलं निघालं तर?"

"तर काय?"

"नाही... काही नाही. मग मी वाईट वास मारायचा प्रयत्न करतो."

मला हसू फुटलं. अर्धा तास झाला तेव्हा मी वाकले, त्याचं ते चावण्याचं बोलणं ऐकलं, आणि तरीही आणखी जवळ गेले. काय सांगू! उबदार, कोरडा, जरासा गोड वास. त्यात डोकं टेकून निवांत बसावंसं वाटलं. मी बाटली घेतली आणि जवळजवळ पळतच घरी आले. हेच लावलं की टापटीप मला आवडतील, अगदी मनापासून आवडतील, अशी माझी खात्री पटली होती. किती दिवसांनी मला कशाची तरी खात्री वाटत होती!

बुधवारी त्यांनी ते लावलं. तासाभराने कॉफी पिताना मी टेबलावर पुढे झुकले... आणि काहीच नाही. म्हणजे वास होता. चांगला, स्वच्छ, सभ्य. पण तो नव्हे.

"माझ्या ओठांना काही लागलंय का?" त्यांनी रुमाल काढत विचारलं.

रात्रभर मी कूस बदलत होते. "अगं, छान तर आहे वास," ताई म्हणाली. "तुझंच नाक ठिकाणावर नाही." नाक नसेलही. पण मंगळवारी तर ते ठिकाणावर होतं ना?

शुक्रवारी मी काकूंसमोर उभी राहिले. "बाटली वेगळी दिलीत तुम्ही."

काकू भडकल्याच. "वीस वर्षं झाली दुकानाला! माझ्या मालात खोट?"

"खोट माझ्यात आहे, काकू." फ्रेमवाला दारात उभा होता, चेहरा पार उतरलेला. "तुमचा नियम आहे ना, हात धुऊन यायचं. त्या दिवशी मी धुतलाच नाही. देवदाराचं लाकूड घासत होतो, सगळा भुसा मनगटावर होता. यांना आवडला तो वास त्याचा असणार."

"आणि वीस पावलांवर नळ असून धुतला का नाही?"

"धुवायला वळणारच होतो. पण आत या दिसल्या आणि..." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "नळच विसरलो."

माझे कान तापले. काकूंनी त्याला साबणाने हात धुवायला लावला, समोर उभं राहून. पुन्हा फवारा. पुन्हा अर्धा तास. मग मी त्याचा हात हातात घेतला आणि वाकले. चांगला, स्वच्छ, सभ्य वास. हुबेहूब बुधवारचा.

"कळलं ना? लाकडाचा होता," काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. त्यांच्यापुरता प्रश्न मिटला.

माझा मात्र गुंता आता कुठे सुरू झाला होता. ज्यासाठी मी भांडायला आले, तो वास तर गेला. मग मी त्याचा हात का सोडत नव्हते? तोही काढून घेत नव्हता.

"अजून... काही येतंय का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"मग?"

मी हात सोडला आणि निघून आले.

रविवारी मी टापटीपांना नाही म्हटलं. ते बागेतल्या बाकावर रुमाल पसरून बसले होते; मलाही एक पसरून दिला होता. त्यामुळे तर जास्तच वाईट वाटलं.

"माझं काही चुकलं का?"

"नाही हो. तुमचं कधीच काही चुकत नाही."

"दुसरं कुणी आहे?"

"मला नीट माहीत नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

त्यांनी बाहीवरची सुरकुती सारखी केली. मग म्हणाले, "ते कोलोन मी ठेवून घेतो. मला फार आवडलंय." मी रडत रडत चालू लागले आणि पाय आपोआप त्या दोन दुकानांकडे वळले.

काकूंचं दुकान बंद होतं. फ्रेमवाला एकटाच काच पुसत होता. मला बघून उठला.

"आज सेंट नाही मिळायचा. काकू नाहीत."

"मला नकोय."

"मग... ठरलं? हो म्हणालात?"

"नाही म्हणून आले त्यांना."

हातातलं फडकं तसंच राहिलं. "का?"

"माहीत नाही. भल्या माणसाला दुखवून आलेय, ताई घरात घेईल की नाही ठाऊक नाही, आणि तुझं मला काहीसुद्धा माहीत नाही. डोक्याचा नुसता भुगा झालाय." श्वास घ्यायला थांबले, नाहीतर धीर सुटला असता. "फक्त तू मला आवडतोस. एवढं एकच कळतंय."

तो स्टुलावर मटकन बसला. मग त्याने दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस ना," तो म्हणाला. "मला तर मंगळवारपासून तेवढंही धड सांगता येत नव्हतं."