धुक्यातला बोया

सकाळचं धुकं वहिनींच्या खिडकीतून आत येऊन रेंगाळत होतं. त्याच्यामागून आली सीमेवरचं तळं स्वच्छ करायला दोन देशांनी मिळून केलेल्या कराराची पाहणी करणारी तरुणी.

"पाण्याचे नमुने स्वच्छ आहेत. करार यशस्वी, असं मी उद्या लिहून दिलं की तेच पाणी गावाच्या नळाला येणार. पण काठावर मासे मरून पडलेत हो!"

गुन्ह्याचा माग काढण्यात वहिनींचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांच्या दिराला मात्र सगळंच उशिरा उमगे.

"चला भाऊजी, झोप आवरा."

नमुने घ्यायची जागा म्हणजे तळ्यात तरंगणारा, घंटा बांधलेला बोया. नावाडी म्हणाला, "धुक्यात कुठलं काय दिसतंय? प्रयोगशाळेने दिलेला मोबाइल दाखवील तिकडे वल्हवायचं. पण हल्ली बाटली भरताना बोटं बधिर होतात बघा."

"उन्हाळ्यात?" वहिनींनी विचारलं.

"हो ना! आणि घंटाही घरापर्यंत ऐकू येत नाही," त्याची बायको हसली. "पोर कसं गाढ झोपतं."

काठावरच्या कारखान्याच्या मॅनेजरने तर जांभईच दिली. "नमुने स्वच्छ आहेत ना? मग आमचं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र बंद का, ते कशाला विचारता?"

"सापडला चोर!" दीर कुजबुजला.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," वहिनी म्हणाल्या.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे तरुणीचे मामाच. करार घडवला तोही त्यांनीच. भिंतीवर त्यांनी काढलेला तळ्याचा नकाशा होता, त्यावर निळे ठिपके.

"तळातले झरे," मामा कौतुकाने म्हणाले. "माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत."

वहिनी खुर्ची ओढून बसल्या.

"बोया हलवलाय, म्हणून घंटा ऐकू येत नाही. बोटं बधिर करणारं गार पाणी झऱ्याचं. तळ्याचा नमुना कुणी घेतच नाही. मॅनेजरचं हे काम असतं, तर यंत्र बंद असल्याचं तो बोलला असता? मोबाइलमधली खूण प्रयोगशाळेची. आणि झरे ठाऊक फक्त तुम्हाला."

"पण मामा असं का करतील?" दीर चक्रावला.

मामांनी नकाशावरून हात फिरवला. "निकाल दिसला नाही, तर पलीकडचा देश अंग काढून घेणार होता. या करारासाठी रक्त आटवलंय गं मी."

भाचीचे डोळे भरून आले. फार राग आला होता, आणि मायाही तेवढीच दाटली होती.

"मामा, तळ्यातलं पाणी आणून दिलं तर प्याल?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग 'अयशस्वी' लिहिते मी."

मामांनी खिशातून पेन काढलं.

"लिही," मामा म्हणाले. "खाली माझीही सही घे."