दोन गोऱ्हे

रघुवीर गोऱ्हे यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि शरयूताई अजून रोज त्यांच्याशी बोलत. स्वयंपाकघरात भाजी चिरताना त्यांनी हाक मारली, की ते उत्तर देत. मृत्यूपूर्वी मेंदूची संपूर्ण नोंद घेऊन संगणकात चालू ठेवलेल्या अशा मनाला ‘प्रतिमन’ म्हणत. ते ध्वनिमुद्रण नव्हतं. ते ऐके, नवं शिके, लक्षात ठेवी.

म्हणूनच सहा वर्षांपूर्वी प्रतिमनं सांभाळणाऱ्या केंद्राने संगणक बदलले आणि रघुवीर एकाएकी मृत्यूनंतरचं सगळं विसरले, तेव्हा शरयूताईंना ते फार लागलं. लेकीच्या लग्नाची हकीकत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. ते पुन्हा तसेच हसले. मग हळूहळू सवय झाली.

आणि आता केंद्रातल्या डॉ. मुग्धा केळुसकर यांनी त्यांना बोलावून घेतलं होतं.

“काकू, काका विसरले नव्हते. आम्हालाच ते सापडले नव्हते.”

मुग्धाने पडद्यावर दोन ओळी दाखवल्या, प्रतिमन संगणकात कुठे आहे त्याचे पत्ते. दोन्हींच्या शेवटी ‘रघुवीर गोऱ्हे’.

“सारखंच तर आहे.”

“आपल्या डोळ्यांना. गोऱ्हेमधला ऱ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. सबंध एक चिन्ह म्हणून, नाहीतर साधा र आणि त्याखालचं टिंब अशी दोन चिन्हं जोडून. दिसायला फरक नाही. पण संगणक अक्षर बघत नाही, त्यामागचे आकडे बघतो. जुनी यंत्रणा एका तऱ्हेने पत्ता लिहायची, नवी दुसऱ्या. नवीने काकांना तिच्या पत्त्यावर शोधलं. तिथे कोणीच नव्हतं. मग तिने मूळ नोंदीवरून दुसरं प्रतिमन उभं केलं.”

“आणि पहिलं?”

मुग्धाने खुर्ची जरा जवळ ओढली. “ते चालूच राहिलं. तुमची हाक तेवढी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती.”

शरयूताईंनी पडद्यावरच्या दोन्ही ओळी पुन्हा एकदा वाचल्या.

“ते पहिलं बंद केलं तर त्यांना कळणारही नाही,” मुग्धा म्हणाली. “किंवा नाव बदलून दोघांनाही ठेवता येईल. तुम्ही म्हणाल तसं.”

“आधी मला बोलू दे.”

मुग्धाने पहिलं प्रतिमन जोडून दिलं. आवाज आला. घसा खाकरून बोलायची सवय तीच. रघुवीर कुणाला तरी सांगत होते, की गच्चीवरची तुळस उन्हाने करपतेय, कुंडी आत घे.

“अहो,” शरयूताई म्हणाल्या. “मी आलेय. शरयू.”

ते थांबले. मग परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, “आपण कोण? जरा थांबता का? शरयू काहीतरी सांगतेय.”

पलीकडे दुसरा कोणाचाच आवाज नव्हता. तरी ते अधूनमधून हुंकार भरत होते. एकदा हसलेही.

“उत्तर येईना, तेव्हा तुमची उत्तरं त्यांनीच घडवली,” मुग्धा हलकेच म्हणाली. “मन इतकी वर्षं एकटं नाही राहू शकत.”

शरयूताई पुढे झुकल्या. “काय म्हणतेय हो ती?”

“घरातलं आहे,” रघुवीर म्हणाले. “तुम्हाला नाही सांगता येणार.”

शरयूताईंनी पदर सावरला आणि त्या उठल्या.

“चालू राहू देत त्यांना,” त्या मुग्धाला म्हणाल्या. “फक्त माझी हाक तिकडे जाणार नाही, एवढं बघ.”