हाल्वोर दुसरा

जानेवारीतल्या त्या दुपारी हाल्वोर घसरगाडीला घोडी जुंपून गावाकडे निघाला, तेव्हा त्याची बायको राग्नहिल्ड दारातून एवढंच म्हणाली, "कॉफी आणा. आणि कागद घेतल्याशिवाय येऊ नका."

कागद जमिनीचा. मिनेसोटाच्या त्या रानातली झाडांचे बुंधे दोघांनी मिळून उपटले होते. युद्धात लढलेल्यांना सरकारी जमीन मिळवताना सवलत होती; हाल्वोरची सैन्यातली नोकरी आज सिद्ध झाली तर जमीन त्यांची. नाही तर पलीकडे टपून बसलेल्या दुसऱ्या अर्जदाराची.

सिद्ध करायचं म्हणजे तरी काय? अमेरिकेच्या यादवी युद्धात या नॉर्वेजियन माणसाचा उरला होता फक्त आकडा. एका कंपनीत तीन हाल्वोर हाल्वोरसन. तिघांच्या बापांचं नाव हाल्वोर, म्हणून तिघेही हाल्वोरसन. कोण कुठल्या गावचा, हे विचारायची तसदी सार्जंटनं घेतली नाही. ओळीत उभं करून बोट दाखवलं: पहिला, दुसरा, तिसरा. गोळी झेलायला या देशाला परक्याची छाती चालत होती. त्याचं नाव मात्र जिभेला जड होत होतं.

आपला हाल्वोर दुसरा. जॉर्जियातल्या दलदलीत एका पहाटे हजेरीत पुकारा झाला, "दुसरा! ओढ्यापलीकडे पहाऱ्याला!" हाल्वोरनं मान खाली घातली. शेजारी उभा असलेला तिसरा, होड्या बांधणारा सुतार, त्याच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "हजर." गेला तो गेलाच. सार्जंटनं लिहिलं: दुसरा, मृत. हाल्वोरनं ती चूक दुरुस्त केली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो तिसरा झाला.

जमीन कचेरीत ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. बाहेर इतका बर्फ पडत होता, की भरदुपारी दिवा लावावा लागला होता. साक्षीला आलेला जुना कॉर्पोरल टोर्किल्ड कानाशी लागला.

"कितवा विचारलं, तर तिसरा म्हण."

"त्या सुताराच्या आईला अजून कळलेलं नाही, टोर्किल्ड. ती वाट बघतेय... आज खरं सांगितलं तर निदान..."

"सांग की, शहाण्या! मेलेल्याच्या नावावर शेत करून देतील तुला. बायकोला काय खायला घालशील, बर्फ?"

कारकुनानं मान वर न करता विचारलं, "हाल्वोरसन... कितवा?"

हाल्वोरला राग्नहिल्डचे भेगाळलेले हात दिसले.

"तिसरा."

टाक दौतीत बुडला. आणि पाठीमागून, दाराजवळून, कोणीतरी शांतपणे म्हणालं,

"दुसरा. हजर."

टोर्किल्डचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं वळून पाहिलं नाही. हाल्वोरनंही नाही.

"थांबा जरा, तुमचंही घेतो," कारकून लिहिता लिहिता म्हणाला. सही झाल्यावर त्यानं मान उचलली. "गेले वाटतं ते. हं, हा घ्या तुमचा कागद."

दाराशी पाणी साचलं होतं. हाल्वोरचा पाय त्यात पडला, पाणी बुटात शिरलं. बर्फाचं पाणी नव्हतं ते... कोमट होतं. कुजलेल्या शेवाळाचा वास येत होता.

"मी नाही ऐकलं काही," टोर्किल्ड पुटपुटला. "तूही नाही ऐकलंस."

परतीच्या वाटेवर हाल्वोरनं घोडी अशी कधी पिटाळली नव्हती. कागद छातीशी, कोटाच्या आत. जमीन आपली झाली, जमीन आपली झाली, असं तो मोठ्यानं म्हणत होता. दुसरा कुठला आवाज ऐकू येऊ नये म्हणून. जेमतेम पाच वाजले होते, पण अंधारून आलं होतं. खिडकीत उजेड दिसला, धुराड्यातून धूर दिसला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

दाराला आतून कडी होती. तो घरी परतण्याआधी या दाराला कधी कडी लागली नव्हती.

त्यानं दार वाजवलं. आत वाडग्यात चमचा वाजत होता, तो थांबला.

"कोण?" राग्नहिल्डचा आवाज.

"मी... हाल्वोर. कागद मिळाला गं. उघड."

मग तिची पावलं दारापर्यंत आली, थबकली. ती बोलली ती त्याच्याशी नाही. मान आत वळवून, हळूच,

"तुम्ही जेवा हो, गार होईल. बाहेर कोणीतरी तुमचं नाव सांगतंय."