नवऱ्यानं पळायचं असतं

मी होडी वल्हवत आमच्या बेटापाशी नांगरलेल्या शिडाच्या जहाजाकडे गेले ती मोला विकायला. मोला म्हणजे आम्ही बायका रंगीत कापडांचे थर लावून शिवतो तो नक्षीचा तुकडा. जहाजावरचे गोरे तो भिंतीवर टांगतात म्हणे. पण वरून गोरा डोकावलाच नाही. डोकावला तो साबणाच्या फेसानं माखलेला एक तरुण, आणि चक्क आमच्या बेटांवरच्या गुना बोलीत म्हणाला, "अगं, जरा तिकडे बघ ना. अंघोळ करतोय मी."

माझ्या हातातलं वल्हंच पाण्यात पडलं.

"तुझ्याकडे बघतंय कोण?" मी म्हटलं.

"वल्हं बघत होतं वाटतं. लाजून उडी मारली बिचाऱ्यानं."

मग त्यानंही उडी मारली आणि वल्हं काढून दिलं. अनेलिओ त्याचं नाव. पूर्वेकडच्या बेटावरचा, आता एका फ्रेंच कप्तानाची शिडं सांभाळणारा. पाणी आणि केळी भरून झाली की जहाज दूरच्या कार्ताहेना बंदराला निघणार होतं. तोवर मी रोज मोला घेऊन जात राहिले. एकदा जोराची सर आली तेव्हा आम्ही दोघं शिडाच्या कापडाखाली बसलो होतो. पोपटाचा मोला त्याच्या हातात होता.

"केवढ्याला हा?"

"विकायचा नाही तो."

"मग आणलास कशाला?"

"दाखवायला."

"कोणाला?"

मी पाऊस बघत बसले. तोही बघत बसला… पण पाऊस नव्हे.

जहाज निघायच्या दिवशी मी घरात तोंड पाडून नारळ किसत होते. एवढ्यात बाहेर कल्ला झाला. गावातली चार दांडगी पोरं कोणाला तरी हातापायांना धरून आत घेऊन आली आणि आमच्या झोपायच्या झोळीत त्यांनी त्याला धाडकन टाकलं. अनेलिओ! मी तोंड उघडायच्या आत माझ्या बहिणींनी मलाही उचलून त्याच्या शेजारी टाकलं. झोळी हिंदकळत होती आणि अर्धा नारळ अजून माझ्या हातात होता.

आमच्यात लग्न असंच लागतं. मुलीचा बाप जावई ठरवतो, पोरं त्याला उचलून आणतात. नवऱ्यानं मग उठून पळायचं असतं. पुन्हा आणतात, पुन्हा पळतो; शेवटी झोळीत थांबला की लग्न लागलं. मनातून मुलगी हवी असली तरी लाजेखातर पळायचंच. आणि खरंच नको असेल, तर तो पुन्हा सापडत नाही. ही गंमत बघून मी कितीदा पोट धरून हसले होते. आता मात्र झोळीत मीच होते.

"बाबा, मला विचारलं का नाही?" मी कशीबशी म्हणाले.

"एवढे हेलपाटे मारलेस आणि एकही मोला विकला नाहीस," बाबा म्हणाले. "मला काय डोळे नाहीत?"

दारात अख्खं गाव जमलेलं. आणि अनेलिओ? हलायचं नाव नाही.

"पळ ना," मी कुजबुजले.

"का?"

"रीत आहे. सगळे बघतायत."

"बघू देत. जहाज आत्ता नांगर उचलेल. इथून पळालो तर पाय तिकडेच जातील… परत यायची हिंमत होईल का, सांगता येत नाही. म्हणून पळत नाही."

माझे कान तापले. दारातून आत्या ओरडली, "मेल्याला लाज आहे का काही? पहिल्याच खेपेला पसरलाय!" सगळे हसले.

अनेलिओ हसला नाही. "तूच सांगितलंस ना बाबांना?" तो हळूच म्हणाला. "मला वाटलं तू सांगितलंस, म्हणून धरू दिलं. नाहीतर या चौघांना आवरलो असतो होय?"

खोटं बोलायला हवं होतं. जमलं नाही. "मी नाही सांगितलं. मला माहीतच नव्हतं."

त्याचा चेहरा उतरला. "असं होय… मग पळतोच."

तो उठला. बाहेर जहाजाचा भोंगा वाजला. नवऱ्याला अखेर अक्कल आली म्हणून लोकांनी खुशीनं वाट करून दिली. त्यांना ती रीत वाटत होती. हा आता पुन्हा सापडायचा नाही, हे एकट्या मला कळत होतं.

नवरीनं मान खाली घालून गप्प बसायचं असतं. आईनं तेच केलं होतं, आत्यानंही. मी मागून त्याचा शर्ट पकडला. बटण तुटून उडालं.

"बाबांनी विचारलं नाही," मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पण विचारलं असतं तर याचंच नाव सांगितलं असतं. मला हाच हवाय. बस खाली."

नवरीनं नवऱ्याला धरून ठेवलेलं आमच्या बेटावर कोणी पाहिलंच नव्हतं. आत्यानं कपाळाला हात लावला. अनेलिओ आ वासून माझ्याकडे बघत मटकन झोळीत बसला.

भोंगा पुन्हा वाजला.

"पळू का?" त्यानं कानात विचारलं. "नुसतं रीत म्हणून… दारापर्यंत?"

"पाऊल टाकून तर बघ."

मी त्याचा शर्ट सोडला तेव्हा जहाज प्रवाळाच्या खडकांपलीकडे गेलं होतं.