बिनवर्गणीचा डबा

माझा मेहुणा टीव्हीवरचे कार्यक्रम साठवणारे व्हिडिओ रेकॉर्डर विकायचा. यंत्र विकत घ्यायचं, वर दर महिन्याला कंपनीची वर्गणी भरायची; ती चुकली की आपल्याच घरातलं रेकॉर्डिंग आपल्याला बघता येत नाही. मला हा उघड दरोडा वाटायचा. म्हणून मी जुन्या कॉम्प्युटरचा स्वतःच रेकॉर्डर बनवला. घरात सगळे त्याला ‘डबा’ म्हणत.

“वर्गणी कुणीतरी भरतंच, भावोजी,” मेहुणा हसून म्हणायचा.

फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशीच सासऱ्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मेहुणा नेमका स्वतःचीच वर्गणी भरायला विसरला होता, त्यामुळे रेकॉर्डिंगची जबाबदारी डब्यावर आली. मी आठवडाभर मिशांना पीळ देत फिरलो.

सामना आपण हरलो. शेवटची पेनल्टी खांबाला लागून बाहेर गेली. हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या टीव्हीवर मी आणि मेहुण्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. सासऱ्यांना कळू द्यायचं नाही असं ठरलं; आम्ही पेपर लपवले, नर्सनाही विनवलं.

पण डिस्चार्ज मिळून आमच्या घरी आल्या आल्या ते टीव्हीसमोर बसले. “लावा, जावईबापू.”

टाळाटाळ करून पाहिली, ते बधेनात. पेनल्टी सुरू झाल्या तेव्हा बायकोने चार कप चहा आणला. मेहुणा माझ्या शेजारी सोफ्यावर होता. “बाबांना हे झेपायचं नाही,” तो पुटपुटला.

डबा गुणगुणत होता. नेहमीची पंख्याची घरघर नव्हती ती. कुणीतरी तोंड मिटून गावं तसा आवाज होता.

शेवटची पेनल्टी. तोच खेळाडू, तीच धाव.

चेंडू खांबाला लागला.

आणि आत गेला.

सासरे ओरडत उठले. त्याच क्षणी खाली रस्त्यावर गलका झाला. धडाधड खिडक्या उघडल्या, हॉर्न वाजू लागले, समोरच्या गॅलरीत शेजारी एकमेकांच्या गळ्यात पडले. आपण जिंकलो होतो. खोटं कशाला सांगू, मीही नाचलो. सासऱ्यांच्या गालांवर कित्येक महिन्यांनी रंग चढला होता, आणि तो माझ्या डब्याने चढवला होता.

पडदा काळा झाला. त्यावर एक ओळ उमटली. डब्याचा सगळा प्रोग्रॅम मी लिहिलेला; ही ओळ माझी नव्हती.

‘वर्गणी जमा झाली.’

मेहुण्याला दाखवायला मी हसत वळलो. सोफ्यावर कुणी नव्हतं.

“तुझा भाऊ कुठे गेला?”

“कुणाचा भाऊ?” बायको म्हणाली.

सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“मला मुलगा नाही,” ते म्हणाले, “पण जावई असा मिळाला. आणखी काय हवं?”

बायकोने कप उचलले. चौथा भरलेलाच होता. ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली, मग तिने तो सिंकमध्ये ओतला. चहातून अजून वाफ येत होती.