विहीणबाईंसाठी फ्रेंच

लेकीने परमुलखात फ्रेंच नवरा केला. आता विहीणबाई महिनाभर राहायला येणार, आणि त्यांना फ्रेंचखेरीज दुसरं काही येत नाही, म्हटल्यावर आईने फ्रेंच शिकायला कंबर कसली. तिच्या नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. कोणीतरी परत न नेलेल्या टेपरेकॉर्डरात फ्रेंच प्रेमगीतांची एक कॅसेट निघाली. त्याने हेड स्पिरिटने पुसून, टेप फिरवणारा पट्टा नवा घालून तो घरी आणला.

"विहीणबाईंना मीठ हवं का विचारायचं, तर काय म्हणशील? तुमच्यावाचून झुरते?"

"मीठ अजून आलं नाही हो गाण्यात. आसवं आलीत. खारटच की."

सुरुवातीला लेक फोनवर एकेका ओळीचा अर्थ सांगायची. मग तिची गरज उरली नाही. दुपारचं ऊन भिंतीवरून सरकत असे, टेप हलकेच घरघरत असे, आणि आई भाजी निवडता निवडता डोळे मिटून सांगे, "बाई गातेय. तिचा माणूस खाली दारात उभा आहे."

दोन दिवसांनी त्याच गाण्यात तो माणूस जिन्यात होता.

"परवा दारात होता ना?" नवऱ्याने विचारलं.

"परवा होता. आता चढतोय. ऐका ना, दम लागलाय त्याला."

नवऱ्याने हसण्यावारी नेलं, पण मनात पाल चुकचुकलीच. त्याने लेकीला फोनवर गाणं ऐकवलं.

"बाबा, हे बागेतल्या फुलांचं गाणं आहे. यात माणूसही नाही, जिनाही नाही. आई बरी आहे ना?"

आई छान होती. गालांवर रंग चढला होता, पावलं हलकी पडत होती. कॅसेटमधल्या माणसाचा हेवा करायचा म्हणजे हद्द झाली, हे त्यालाही कळत होतं. पण खरी भीती वेगळी होती. ही आपल्याला सोडून जाईल, असं त्याला वाटू लागलं होतं. जिना त्यांच्याच दारापाशी संपत होता.

एका दुपारी त्याने टेपरेकॉर्डरचा पट्टा काढून खिशात घातला.

"पुरे झाली गाणी. पुस्तक आणू एखादं."

"बरं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळाने आतून गाणं आलं. तीच गात होती. एक ओळ म्हणायची, थांबायची, मग पुढची. फोनवर पलीकडच्याचं ऐकून घ्यावं तशी.

मग एकदा ती थांबली, तेव्हा उत्तर आलं. बंद दाराबाहेरून.

नवऱ्याला फ्रेंचचा ओ की ठो कळत नव्हता. तरी शब्द न् शब्द समजला.

'मी आलोय. येतेस ना?'

आवाज त्याचाच होता. लग्नाआधीचा, कोवळा. त्या आवाजात तो तिच्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

ती हात पुसत बाहेर आली. तिने कडी काढली.

"अगं, थांब. जाऊ नकोस," तो म्हणाला.

बाहेरून कोणीतरी दार तिच्यासाठी धरून ठेवलं होतं.

ती उंबऱ्यावर वळली. अनोळखी माणसाकडे बघून हसावं तशी अदबीने हसली आणि तिने फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं.

ते मात्र त्याला कळलं नाही.