तुडुमावरचं निळं पाखरू

"मंजूबाई, धावा! तलाव रिकामा होऊन राहिला!"

सोमवारी सकाळी सात वाजता सुकरामचा फोन आला. गावच्या तलावाचं पाणी शेतांना वाटून देणारा पाणकर तो. मंजू कापगतेने चूल तशीच सोडली आणि निघाली. चिचगडपासून दोन कोसांवरच्या या गावाची ती पोलीस पाटील होती.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचली तर समोर अर्धा तलाव चिखल. चिखलात मासे तडफडत होते. पाळीच्या पोटातल्या तुडुमाचं, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी तोंडाचं, लाकडी बूच गायब होतं. सुकराम आणि चार बाया कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मातीची पोती त्या भोकात कोंबत होते. उन्हाळी धान याच पाण्यावर व्हायचं होतं.

"बूच शेवटचं कवा पाहिलं?"

"काल चार वाजता. पक्कं बसलं होतं. लोखंडी सब्बल लावून उचकटल्याबिगर निघत नाही ते."

मंजू ग्रामपंचायतीत आली, तर तिथे आरोपी आधीच ठरला होता. आमगावची रुची, मामाकडे आलेली कॉलेजची पोरगी, भिंतीशी रडत बसली होती. तिच्या मोबाइलमधल्या खेळात खऱ्या जागी खोटी पाखरं दिसत. कॅमेरा धरायचा, पाखरू पकडायचं. रविवारी ती आणि गावातल्या पाच पोरी हाच खेळ खेळत फिरल्या होत्या.

"ह्याच पोट्ट्या!" उपसरपंच दुर्गाप्रसाद म्हणाले. ते मंजूचे चुलत सासरे; ती त्यांना मामाजी म्हणायची. "सांजेला तुडुमावर नाचत होत्या. बूच ह्यांनीच काढलं. आज ठराव घ्या, गावात पोरींच्या हातात मोबाइल नाही पाहिजे."

पोलीस ठाण्याच्या बीट जमादाराने कागद पुढे सरकवला. "मॅडम, पंचनाम्यावर सही करा. सीधा मामला आहे."

"नाही करत."

"काऊन?"

"मी अजून कोणाले काही विचारलंच नाही."

जमादार हसला. मंजू हसली नाही. ती रुचीसमोर खाली बसली.

"काल सांजेला कुठं होत्या तुम्ही?"

"शाळेत, ताई."

"पाळीवर कायले नाही गेल्या?"

"जाणार होतो. पण शनिवारी दुपारी खेळवाल्यांनी पाखरू तुडुमावरून हटवलं. पाण्याजवळची जागा खतरनाक आहे म्हणून कोणीतरी तक्रार केली होती. रविवारी ते शाळेच्या हापशीवर होतं."

तिने फोन दिला. फोटोत हापशी, मागे शाळेची पिवळी भिंत, हापशीच्या दांड्यावर निळं पाखरू. वेळ साडेचार ते सव्वासहा. मंजूने एकेक फोटो पाहिला, फोन पदराखाली ठेवला आणि सासऱ्यांकडे वळली.

"मामाजी, पोरी तुडुमावर काय करत होत्या?"

"पाखरू पकडत होत्या."

"कसं होतं पाखरू?"

"निळं. डोक्यावर सोनेरी तुरा. तुडुमाच्या दगडावरच बसलं होतं."

"ते तर फोनातच दिसते. तुमाले कसं दिसलं?"

दुर्गाप्रसादांनी रुचीकडे बोट केलं. "हिच्या फोनात डोकावलो मी. मागंच उभा होतो."

"काल सांजेलाच?"

"हो, कालच. लिहून घे!"

"लिहा जमादारसाहेब," मंजू उभी राहिली. "कालच, असं लिहा."

मग तिने फोन टेबलावर ठेवला.

"काल त्या दगडावर कोणाच्याच फोनात पाखरू दिसू शकत नव्हतं. ते शनिवारीच हटलं. काल पोरी शाळेत होत्या, हे फोटो पाहा. पाखरू तुडुमावर होतं ते शनिवारच्या दुपारपर्यंत. म्हणजे तुम्ही ते त्याच्या आधीच पाहिलं, स्वतःच्या फोनात खेळ उघडून पोरींची गर्दी कुठं जमते ते तपासताना. मामाजी, खिशातला फोन काढा."

दुर्गाप्रसादांचा हात खिशावर घट्ट बसला.

"पाणी उतरलं का तलावाच्या पोटात तुम्ही दरसाल हरभरा लावता. जमीन गावाची, पीक तुमचं. औंदा सभेनं पाणी उन्हाळ्यापर्यंत राखायचं ठरवलं, अन् तुमचा तुकडा बुडाला. पाणी काढायचं होतं, आळ घ्यायले पोरी हव्या होत्या. पाखरू हटलं, एवढंच तुमाले कळलं नाही."

"पुरावा?" ते ओरडले. "फोनातलं चित्र म्हणजे पुरावा?"

"तो खोटं पकडायले. बाकीचं सुकराम पाहून राहिला."

पाणी गेल्यावर ज्याचा तुकडा मोकळा होतो त्याच्या वाडीत बूच शोध, असं तिने पाळीवरून निघतानाच सुकरामला सांगितलं होतं. अर्ध्या तासाने तो दोन माणसांसह आला. दुर्गाप्रसादांच्या वाडीतल्या धानाच्या तणसीच्या ढिगाखाली सापडलेलं ओलं, काळं बूच त्याने टेबलावर आदळलं. सब्बलीचे ताजे घाव त्यावर स्पष्ट दिसत होते.

जमादाराने रुचीच्या नावावर रेघ मारली.

"घरची सून असून..." दुर्गाप्रसाद म्हणाले. "ह्याच गावात राहायचं आहे तुले. आमी विसरणार नाही."

"विसरू नोका," मंजू म्हणाली. "मी कुठं जाऊन नाही राहिली."

तिने रुचीला हात देऊन उठवलं. बाहेर पाच पोरी घोळका करून उभ्या होत्या.

"चला ग," मंजू म्हणाली. "पोती कमी पडून राहिली तिथं."

सगळ्या पाळीकडे निघाल्या. फोन कोणीच लपवला नव्हता.